आबांच्या मेंदूतला मुनवा

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की पुढे पुढे शाळेचा शिपाई ते माझ्याआधी पूर्ण करायचा. विषय प्राणिशास्त्र. बेडूक उताणा पाडून, चार पायांना चार टाचण्या मारून, नंतर पालथा करून त्याचा मेंदू कवटीतून अख्खा काढून दाखवणारा वर्गात मी एकटाच होतो. त्या एका बेडकाच्या जोरावर माणसाच्या मेंदूबद्दल बोलायचा परवाना आपल्याला मिळाला आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

नोकरी धुळ्याला, माध्यमिक शाळेत. घर रावेर तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. घरी आई, आबा, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. शेती भाऊ करायचा. मी सुट्टीत जाऊन सल्ले द्यायचो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता अंगठा, तर्जनीवर घासल्यासारखा हलायचा. आबांनी उभ्या जन्मात तंबाखूला हात लावला नाही, पण बघणाऱ्याला वाटायचं, मळताहेत. पारावर कोणीतरी म्हणायचं, "आबा, चुना देऊ का?" पहिल्यांदा आबा हसले. नंतर तो हात बंडीच्या खिशात ठेवायला लागले. मग पावलं बारीक पडू लागली. हसूसुद्धा चेहऱ्यावर उशिरा यायला लागलं, म्हणजे विनोद करणारा उठून घरी गेल्यावर. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टीचा घास तोंडाशी जाईपर्यंत अर्धा मांडीवर सांडायचा, म्हणून आबांना एकाएकी पुष्कळ उपास लागले. कोणत्या देवाचे, असं विचारलं की चिडायचे.

जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत भाऊ आणि मी. डॉक्टरांनी आबांना चालवलं, बोटं आपटायला लावली आणि म्हणाले, "कंपवात आहे. मेंदूत एका जागच्या पेशी हळूहळू मरतात. त्या जे रसायन तयार करतात..."

"डोपामीन," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण डॉक्टर का?"

"बी.एस्सी. प्राणिशास्त्र."

"अच्छा," ते म्हणाले, आणि उरलेलं सगळं त्यांनी माझ्या भावाला समजावून सांगितलं. भाऊ दहावी नापास होता. गोळ्या कधी द्यायच्या, जेवणाआधी का नंतर, काय झालं तर यायचं, सगळं त्यानं एकदा ऐकलं आणि पुढे कधी चुकवलं नाही. मी मात्र परतीच्या एस.टी.त आबांना पेशी म्हणजे काय ते भुसावळपर्यंत सांगत होतो. आबा खिडकीबाहेर बघत होते.

गोळ्यांनी फरक पडला. चांगला पडला. पण वर्ष-दीड वर्षात एका गोळीचा असर दुसरीच्या वेळेआधीच ओसरायला लागला. गोळी चढली की आबा शेतात, उतरली की बाजेवर.

अशात एका रविवारच्या पेपरात तो लेख आला. आमच्या शिक्षकखोलीत पेपर यायचा तो आधी इतिहासाच्या सरांकडे, मग चित्रकलेकडे, आणि विज्ञानाकडे येईपर्यंत त्यात डबा बांधलेला असायचा. हा माझ्या हाती कोरा लागला. परदेशात कंपवाताच्या रोग्यांवर नवा प्रयोग चालला आहे, असं त्यात होतं. पोटातल्या गर्भाच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी घेतात आणि सुईनं रोग्याच्या मेंदूत, नेमक्या जागी, सोडतात. त्या तिथे रुजल्या तर आटलेलं रसायन पुन्हा तयार करू शकतात. गर्भ कुठून मिळतो, कोणाच्या संमतीनं, यावर तिथेही केवढा वाद आहे, असा एक मोठा परिच्छेद शेवटी होता. तो मी भरभर वाचला. खरं तर वाचलाच नाही.

धुळ्याला मी ज्या घरी भाड्यानं राहत होतो तिथल्या मालकीणबाईंना मी लेख वाचून दाखवला. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, "बठ्ठं करा भाऊ, पन डोकामा भोक नका पाडू." मी मनात म्हटलं, सगळं करा पण डोक्यात भोक नको म्हणे, अडाणी आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. बायको मुलांना घेऊन तिच्या माहेरी गेली आणि मी लेख घेऊन माझ्या. बायको बरोबर असती तर पुढचं काही घडलंच नसतं, असं ती आजही म्हणते. आणि ते खरं आहे, कारण घरातली एक गोष्ट तिला कळली असती आणि मला कळली नव्हती.

गावी मृगबागेची, म्हणजे जूनमधल्या केळीच्या लागवडीची, तयारी चालली होती. आमच्याकडे केळी बियाण्यावर होत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी जी पिलं फुटतात त्यांना मुनवे म्हणतात. चांगला जोमदार मुनवा पाहून कंदासकट खणून काढायचा आणि नव्या जागी लावायचा. त्या दिवसांत गावात दुसरा विषय नसतो. कोणाची बाग चांगली, कोणाचे मुनवे निरोगी, कोणी कोणाला दिले, कोणी नाही म्हटलं.

संध्याकाळी अंगणात आबा बाजेवर, भाऊ उंबऱ्यावर, शेजारचे नाना आणि आणखी चार-पाच जण जमिनीवर, अशी बैठक बसली होती. मी लेख काढला. आधी शास्त्रशुद्ध सांगितलं. चेतापेशी, डोपामीन, मध्यमेंदू. एकानं जांभई दिली. दुसरा म्हणाला, "मास्तर, सोपं सांगा ना."

आणि मला सुचलं. अजून आठवतं, कसं लख्ख सुचलं ते.

"असं समजा," मी म्हणालो, "आबांच्या मेंदूतली बाग सुकली. आता जुन्या खोडाला कितीही पाणी घाला, ते काही उभारी धरत नाही. मग आपण काय करतो? कोवळा मुनवा आणून लावतो. तो मूळ धरतो, बाग पुन्हा उभी. गर्भाच्या पेशी म्हणजे मेंदूचा मुनवा!"

सगळ्यांना एका क्षणात कळलं. माना डोलल्या. शिक्षक म्हणून मी इतकी वर्षं काढली, पण वर्ग असा ताब्यात आलेला मी पुन्हा पाहिला नाही.

नानांनी विचारलं, "पण मास्तर, मुनवा कुठला घेतीन? बाहेरचा का आपल्याच बागेतला?"

हा प्रश्न आमच्याकडचा माणूसच विचारणार. अनोळखी बागेतला मुनवा आम्ही कोणी लावत नाही. त्याच्याबरोबर कोणता रोग येईल, जात कोणती निघेल, काय भरवसा? मुनवा घ्यायचा तो आपल्या बागेतला, नाहीतर सोयऱ्याच्या. लेखात यावर एक अक्षर नव्हतं. पण भरलेल्या वर्गापुढे "माहीत नाही" म्हणायची मला सवय नव्हती. मूत्रपिंड देताना जवळचा नातेवाईक बघतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. ते इथे चिकटवलं.

"नात्यातला असला तर उत्तमच," मी म्हणालो. "रक्त जुळतं. शरीर नाकारत नाही."

"आणि केवढा लागतो?"

"अगदी कोवळा. दीड-दोन महिन्यांचा गर्भ."

आत भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं, विज्ञानाचा प्रभाव पडला.

माझ्या धाकट्या भावजयीला दोन महिने झाले होते. लग्नानंतर तीन वर्षांनी. अंगणातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी तिचा जेठ. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठाशी बोलत नाही, डोक्यावर पदर असतो, मी ओसरीत असलो की ती मागच्या दारानं जाते. मग तिच्या पोटाबद्दल मला कोण सांगणार? ती पोर काही मला येऊन विचारू शकत नव्हती की भाऊ, हे खरं का? आणि ज्या घरात पुरुष एखादी गोष्ट अंगणात चार माणसांपुढे बोलतो, ती ठरलेलीच असते, असं तिच्या माहेरी होतं. आमच्याकडेही होतं.

दुसऱ्या दिवसापासून चहा आईच आणू लागली. भावजय जेवत नाही, असं ऐकलं. उन्हाळा आहे, असं मी म्हणालो, आणि लेख घेऊन जळगावला डॉक्टरांना भेटायला गेलो. मुंबईला कोणाकडे न्यायचं ते विचारावं, असा बेत होता.

डॉक्टरांनी लेख शेवटच्या परिच्छेदासकट वाचला. मग म्हणाले, "हे प्रयोग आहेत. उपचार नव्हे. आपल्याकडे मी तरी तुम्हाला कुठे पाठवू शकत नाही. आहे त्या गोळ्याच जरा बदलून देतो."

"पण नात्यातला गर्भ मिळाला तर..."

त्यांनी लेख खाली ठेवला. "नात्याचा काय संबंध? हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"असं... ऐकलं होतं," मी म्हणालो. कोणाकडून ऐकलं ते त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

घरी आलो तर अंगणात भाड्याची जीप. बाजेवर भावजयीचे वडील. बोदवडकडचे कापूसवाले, अंगानं किरकोळ पण आवाज बाजारात लिलाव करणाऱ्याचा. त्यांच्यासमोरचा पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. दाराशी भावजय ट्रंकेवर बसलेली, पदर नाकापर्यंत.

"या गुरुजी," व्याही म्हणाले. "तुमचीच वाट पाहत होतो. लेकीले नेतो आम्ही, बाळंतपणाले."

"पण पहिल्या बाळंतपणाला सातव्यात नेतात ना?" मी म्हणालो. घरात बाळंतपण आहे हे मला त्याच क्षणी, त्यांच्या तोंडून कळलं होतं, तरी रीत मीच सांगितली.

"सातवा उजाडायले पाह्यजे ना! दोन महिन्यांचाच लागतो म्हने तुमाले. आम्ही पोरगी तुमच्या घरी दिली गुरुजी, तुमच्या शास्त्राले नही दिली."

मग मला कळलं. माझ्या हुशारीचं एक वैशिष्ट्य असं की ती येते, पण शेवटच्या गाडीनं.

मी बोलायला लागलो. गैरसमज, तत्त्वतः, उदाहरणादाखल, असे शब्द त्यात बरेच होते. व्याही शांतपणे म्हणाले, "तुमीच म्हटलं व्हतं ना, नात्यातला उत्तम?" भाऊ पुढे झाला, त्याचा आवाज चढला. आबा बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, दोन्ही हात आता कापत होते. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिले. भ्यायलेलं माणूस धरून ठेऊ नये."

जीप गेली. आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "तू बी.एस्सी. झाला तवा म्या गावभर पेढे वाटले व्हते. आता घरोघर जाऊन वापस मागू का?"

भाऊ माझ्याशी बोलेना. बोदवडच्या बाजारातून बातमी फिरत आमच्याकडे आली तोवर तिला बरंच खत-पाणी मिळालं होतं. त्या घरी म्हाताऱ्याला नातवाचा मेंदू खाऊ घालणार आहेत, इथपर्यंत. यात हसण्यासारखं होतं आणि मी एकदा हसलोही, पण भावाचा चेहरा पाहिल्यावर पुन्हा नाही. ती परत येणार नाही, पोर आपल्या घरी येणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तीन वर्षं दोघांनी किती दवाखाने केले होते ते मला त्या आठवड्यात आईकडून कळलं.

शेवटी आबाच म्हणाले, "चला. मी येतो. आपण तिघं जाऊ."

आता माणसानं अशा वेळी हात जोडून जावं. मी नकाशा घेऊन गेलो. शाळेचा, मानवी मेंदूचा, रंगीत, दांडीला गुंडाळलेला. सुट्टीत नवीन चिकटपट्टी लावायला म्हणून मी तो धुळ्याहून आणलेला होता. माझा तर्क असा की गैरसमज अज्ञानातून झाला, तर तो ज्ञानानंच जाईल. भुसावळला पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा समोरच्या एकानं विचारलं, "काय, देवाचा फोटो का?"

"मेंदू आहे," मी म्हणालो.

"कितीले देता?"

भाऊ तोंड फिरवून बसला. आबांना मात्र हसू आलं. वरणगाव गेल्यावर आलं, पण आलं.

बोदवड स्टेशनावरून टांगा केला. व्याह्यांच्या ओसरीत सतरंजी घातली, पाणी आलं. स्वागतात कसर नव्हती. मी नकाशा उलगडून खुंटीला टांगला. आतून बायका-पोरं दारात गोळा झाली, लाल-निळा मेंदू बघायला. मी बोट ठेवून सुरुवात केली, "हा मध्यमेंदू..."

"गुंडाळा ते," व्याही म्हणाले.

मी गुंडाळला. आबांनी घसा साफ केला. त्यांचा आवाजही त्या आजारानं बारीक झाला होता, सगळ्यांना पुढे सरकून ऐकावं लागायचं. ते दाराकडे बघून म्हणाले, "सूनबाई, बाहेर ये. तुले जे विचारायचं ते विचार. याले विचार, तुझ्या जेठाले. मी सांगतो, विचार."

व्याही गडबडले. "आबा, असं कसं? जेठाशी?"

"याच्या तोंडामुळे झालं ना? मग त्याच्याच तोंडून फिटू दे."

ती आली. पदर तसाच. खांबाला टेकून उभी राहिली आणि मला पहिल्यांदा तिचा आवाज नीट ऐकू आला. मी समजत होतो त्यापेक्षा जाड होता.

"नात्यातलाच लागते, हे त्या कागदात लिहिलेलं व्हतं का?"

ओसरीत पंधरा माणसं असतील.

"नाही," मी म्हणालो. "लिहिलेलं नव्हतं. मला माहीत नव्हतं, म्हणून मी मनानं सांगितलं."

"मंग कोनाचा घेतात?"

"ज्या बाईनं... तिच्या काही कारणानं गर्भ ठेवायचा नाही असं ठरवलंय, तिला विचारून. असं होतं त्यात, शेवटी." डॉक्टरांकडून परतताना एस.टी.त मी तो परिच्छेद पहिल्यांदा नीट वाचला होता.

"तिची काही माहिती व्हती? कोन, कुठली, मंग तिचं काय झालं?"

"नाही."

"अन् ज्याले लावला त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते व्हतं?"

"ते होतं."

ती आबांकडे वळली. "आबा, तुमाले पाह्यजे व्हतं का ते?"

मला वाटलं, आबा कानाला हात लावतील. कोणत्याही शहाण्या माणसानं लावले असते, पोरगी न्यायला आलो होतो. आबा जरा वेळ थांबले. त्यांचं सगळंच उशिरा यायचं.

"हात थांबावा असं वाटते," ते म्हणाले. "रोज वाटते. सकाळी उठल्यावर पयलं तेच वाटते. खोटं कायले सांगू? तो सांगत व्हता तवा मी ऐकत व्हतो, अन् मले बरं वाटत व्हतं. पण पोरी, तुह्याकडे पाहून मले कधी हाताची आठवण झाली नही. तू पाणी आणून देते तवा मी पाणीच पेतो."

व्याह्यांनी खाली पाहिलं. आत कोणीतरी बाई नाक ओढत होती. मी नकाशाच्या दांडीचा दोरा गुंडाळत होतो, गुंडाळून झाला तरी.

भावजय म्हणाली, "येते मी."

भाऊ अर्धा उठलाच.

"पण आज नही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, पण स्पष्ट. "आधी भाऊ धुळ्याले जाऊ द्या. ते घरी असले की मले झोप लागत नही."

असं सगळ्यांसमोर. आणि कोणी तिला गप्प केलं नाही. व्याही पहिल्यांदा हसले, मग भाऊ हसला, आठवड्यात पहिल्यांदाच. आबा टांग्यात बसल्यावर हसले.

मी भुसावळवरूनच धुळ्याची एस.टी. धरली. अर्धी सुट्टी बाकी होती. कपडे गावीच राहिले, हातात फक्त मानवी मेंदू. मालकीणबाईंनी दार उघडलं, नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात भावाचा फोन आला. ती आली होती. जेवत होती. आबांना नव्या गोळ्या लागू पडत होत्या.

"मग मी येऊ का परत?" मी विचारलं.

"घाई नको करू भाऊ," तो म्हणाला. "शाळा सुरू झाली की बघू."

त्या शस्त्रक्रियेबद्दल मी नंतर अनेक वर्षं, मिळेल ते वाचत राहिलो. काहींना गुण आला, काहींना आला नाही, काहींचं अंग उलट आवरेनासं झालं. आबांच्या हयातीत ती आमच्या वाटेला आली नाही आणि आबांनी तिच्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

भावजय सातव्या महिन्यात माहेरी गेली. रीतीप्रमाणे, आमच्याच घरातून, ओटी भरून, आबांच्या पाया पडून. मला बोलावणं होतं. गेलो, आणि बायकोनं बजावल्याप्रमाणे दिवसभर हवापाण्यापलीकडे एक शब्द बोललो नाही. निघताना ती माझ्याही पाया पडली, मग पदर सावरून उभी राहिली आणि जरा थांबली. मी काहीतरी आशीर्वादाचं बोलावं म्हणून असेल.

"सुखरूप ये," मी म्हणालो.

"हे तरी नक्की ना, भाऊ?" तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो, "पण आम्ही सगळे वाट पाहतोय."

तिनं मान हलवली आणि जीपमध्ये जाऊन बसली.